कुंभार्ली घाट आणि खाली गेलेलं पेडल

गणपतीला पुण्याहून गाडीनं कोकणात उतरणाऱ्यांसाठी हे लिहितेय. त्यातही जुनी लहान गाडी असलेल्या आणि 'सर्व्हिसिंग झालंय, आता काय बघायचं' म्हणणाऱ्यांसाठी. मीही तेच म्हणत होते.

२०२४ ची हरतालिका, ६ सप्टेंबर. पहाटे साडेचारला धायरीहून निघालो. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, ऐंशी हजाराच्या आसपास पळालेली. चालवायला मी, शेजारी सासरे, मागे नवरा, लेक आणि सुट्टं केलेलं मखर. सासरे एसटीत ड्रायव्हर होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते स्टिअरिंगला हात लावत नाहीत, आणि दुसरा चालवत असताना तोंड उघडत नाहीत. आमच्या घरात हे दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

मागचे बेल्ट आदल्या रात्री शोधून काढले. शोधून म्हणजे खरंच शोधून, कारण सीट कव्हर बसवणाऱ्यानं बकलं कव्हरखाली गाडून टाकली होती. ब्लेडनं चीर देऊन ती वर ओढली. २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हा मागच्या बेल्टची महिनाभर चर्चा झाली, मग सगळे विसरले. तुमच्या गाडीची बकलं कुठायत ते आज बघून ठेवा.

आमचा रस्ता सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण आणि पुढे गुहागरच्या अलीकडे आमची वाडी. अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना सरकार टोलमाफीचा पास देतं, तो आरटीओ किंवा पोलीस ठाण्यातून आधी घ्या. खेड-शिवापूर आणि आनेवाडी हे दोन्ही टोल वाचतात.

खंबाटकी चढताना नेहमीचं दृश्य होतं: कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या. रांगेत पहिल्या गिअरवर तासभर रखडलं की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी असलेली गाडी तिथंच तापते. काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा, आणि तरी थांबला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका. उंब्रजपासून पाटणपर्यंत काही सांगण्यासारखं नाही. पेट्रोल तिथंच भरून घ्या, एवढंच.

कोयनानगरच्या पुढे धुकं लागलं. हेडलाइट लो बीमवर ठेवा. हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. पुढच्या तीन गाड्या चारही इंडिकेटर लावून चालल्या होत्या. त्यामुळे त्या वळणार आहेत, थांबणार आहेत की नुसत्याच घाबरल्यात, काही कळत नाही. ते दिवे उभ्या गाडीसाठी असतात. काच आतून धुरकट झाली तर फडक्यानं पुसत बसू नका, एसी लावून हवेचा झोत काचेवर सोडा, मिनिटात स्वच्छ होते.

घाटमाथ्यावर चहा झाला आणि उतार सुरू झाला. पुढे मालानं भरलेला ट्रक. त्याच्या मागे मी तिसऱ्या गिअरवर, कधी चौथ्यावर, आणि पाय जवळजवळ सगळा वेळ ब्रेकवर. सात-आठ वळणं गेली असतील. आधी वास आला, करपलेल्या रबरासारखा. मला वाटलं ट्रकचा. मग एका वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल स्पंजासारखं मऊ लागलं आणि नेहमीपेक्षा बोटभर जास्त खाली गेलं. पुढच्या वेळी आणखी खाली.

सासरे तेव्हा बोलले. "दुसरा टाक. हँडब्रेक खेचू नकोस. पेडल पंप कर." आवाज अजिबात न चढवता. दुसऱ्यात टाकल्यावर इंजिननं जोरात आवाज केला आणि गाडी धरली गेली. पहिली रुंद जागा दिसली तिथं डोंगराच्या बाजूला घेतली, गिअरमध्येच बंद केली, चाकापुढे दगड लावला. पुढच्या चाकांमधून धूर येत होता. नवरा पाण्याची बाटली घेऊन निघाला, त्याला बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, थांबवलं: तापलेल्या ब्रेकच्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होते किंवा तडकते. पाऊण तास तिथं बसलो. लेकीनं मखराचा थर्माकोल चाकापासून लांब ठेवला का, हे तीनदा विचारलं.

झालं काय होतं, ते चिपळुणात गॅरेजवाल्यानं दाखवलं. टाकीतलं ब्रेक ऑइल त्यानं काचेच्या पेल्यात काढलं. नवं असतं फिकट पिवळं, आमचं कोऱ्या चहासारखं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं. पाणी मुरलं की हा आकडा १४० पर्यंत खाली येतो. उतारावर सतत दाबलेले ब्रेक तेवढे सहज तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय चाकाऐवजी बुडबुडे दाबत बसतो. दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं असतं. आमच्या गेल्या तीन सर्व्हिसिंगची बिलं नंतर काढून पाहिली. तिन्हीत 'ब्रेक ऑइल टॉप-अप'. म्हणजे जुन्यात नवं ओतलं. मीही वाचलं नव्हतं, तेव्हा नुसत्या त्यांनाच बोल लावून उपयोग नाही.

ऑइल बदलून, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून तासाभरात काम झालं, आणि खर्च मखराच्या निम्म्याहूनही कमी.

गाडी उतरवायची कशी, हे बाबांनी जेवताना सांगितलं: "ज्या गिअरात हा घाट चढली असती, त्याच गिअरात उतरव." ब्रेक वळणाआधी ठामपणे मारायचा आणि पूर्ण सोडायचा, पाय टेकवून ठेवायचा नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल ते जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. ऑटोमॅटिक असेल तर डी (नेहमीचा) सोडून एल (खालचा गिअर) किंवा मॅन्युअलवर या. ती सोय आपल्या गाडीत कुठं आहे ते घाटाआधीच पाहून ठेवा.

कोकणासाठी मोठी एसयूव्ही घ्यावी का, असं आता मला दोघांनी विचारलंय. माझं मत: नको. आमच्या वाडीच्या जांभ्याच्या पाणंदीत मोठी गाडी वळतच नाही. तोच पैसा चांगल्या टायरांत घाला. नक्षीच्या खाचेतल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत टायर झिजला की पावसात तो संपला. जुनी गाडी घेत असाल तर एप्रिल २०१९ नंतर बनलेली बघा, तिच्यात एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असतंच. आमच्या गाडीत नाही, आणि ओल्या उतारावर ते जाणवतं.

वाडीत पाच दिवस गाडी पावसात उभी होती. हँडब्रेक ओढून ठेवला असता तर मागची चाकं गंजून चिकटली असती. शेजाऱ्यांची चिकटली, चाकावर हातोडी मारून सोडवावी लागली. आम्ही पहिल्या गिअरमध्ये ठेवून दगड लावला होता. बॉनेट मात्र रोज उघडा, उंदीर वायरी खातात.

परतताना कुंभार्ली चढायचा होता, तिथं ब्रेकची परीक्षा झाली नाही. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर तो उतार आणि एस वळण यायचं, त्याच्या आधीच मी तिसरा टाकला. बाबांनी खिडकीची काच चार बोटं खाली केली, वास घेतला, आणि परत वर केली.