कोणती मालीश, कशासाठी?

बडोद्यात मालीश हा विषय स्पाच्या आधी आखाड्यातून आला. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी कुस्ती आणि कवायतीबरोबर हाडवैद्यकालाही प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यामुळे पाय मुरगळला की आखाड्याची वाट धरायची, हे जुन्या बडोदेकरांना सांगावे लागत नसे. आता अलकापुरी भागातल्या स्पांच्या दरपत्रकांवर थाई, स्वीडिश, डीप टिश्यू अशी नावे ओळीने दिसतात आणि यांतली ‘सगळ्यांत चांगली’ कोणती, असे फिजिओथेरपिस्ट म्हणून मला वारंवार विचारले जाते. हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. हाताचा जोर किती, तो कोणत्या थरापर्यंत पोहोचतो आणि आपल्याला हवे आहे काय, यावर निवड ठरते.

आयुर्वेदातील अभ्यंगात जोर मुळीच महत्त्वाचा नसतो. कोमट तिळाचे तेल अंगावरील लवेच्या दिशेने लावावे, सांध्यांवर गोल हात फिरवावा आणि नंतर ऊन पाण्याने स्नान करावे, इतकी ती साधी रीत आहे. ‘अष्टांगहृदया’त अभ्यंग रोज करावा आणि त्यातही डोके, कान व तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे सांगितले आहे, आपण मात्र तो दिवाळीच्या पहाटेपुरता ठेवला आहे. कोरडी त्वचा मऊ होणे आणि शांत झोप लागणे, एवढ्या अपेक्षेने तो केल्यास निराशा होत नाही. उद्वर्तनात याच्या उलट, कोरडे चूर्ण लवेच्या विरुद्ध दिशेने चोळतात.

काशाच्या वाटीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण प्रदर्शनांतून तिची विजेवर चालणारी यंत्रे आल्यापासून हा प्रकार पुन्हा घरोघरी पोहोचला आहे. तळपायांना तूप लावून वाटीने घासले की तूप काळे पडते, आणि अंगातील उष्णता किंवा विषारी द्रव्ये बाहेर पडल्याचा तो पुरावा आहे, असे विक्रेते सांगतात. काळेपणा येतो तो काशातील तांब्याची स्निग्ध पदार्थाशी होणारी प्रक्रिया आणि घर्षण यांमुळे. जास्त घासले तर जास्त काळे, इतकेच. तरीही दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याला रात्री त्याने बरे वाटते, हे मी नाकारणार नाही. पण मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी यंत्रावर पाय ठेवू नयेत, कारण कातडी सोलवटली तरी त्यांना ते कळत नाही.

स्वीडिश पद्धतीत लांब सरकते हात, स्नायू कणकेसारखे मळणे, घर्षण, थापा आणि कंप असे टप्पे असतात, आणि ताण हलका करण्यासाठी ती बहुतेकांना मानवते. डीप टिश्यूमध्ये जोर खोलवरच्या स्नायूंपर्यंत नेतात, म्हणून नंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे स्वाभाविक आहे. ‘जितके दुखेल तितके चांगले’ हा समज मात्र सोडून द्यावा. थाई मालीश अंगावरच्या सैल कपड्यांसह, बहुधा तेलाशिवाय आणि शरीर ताणून केली जाते. 2019 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे लसिकेच्या (लिम्फ, म्हणजे ऊतींमधून वाहून जाणारा पातळ द्रव) निचऱ्याची मालीश, जी डेन्मार्कच्या एमिल वॉडर यांनी 1930 च्या दशकात विकसित केली. लसिकावाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असल्याने तिचा स्पर्श अत्यंत हलका असतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेवर पट्टीबंधन आणि व्यायाम यांच्या जोडीने ती वापरतात, आणि ती प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावी.

कंबरदुखीबद्दल काही स्पष्ट बोलणे भाग आहे. 2015 मध्ये वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 25 चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा मालिशीने दुखणे काही काळ कमी होते असे दिसले, परंतु तो पुरावा कमकुवत होता आणि टिकाऊ वेदनाशमनाला आधार मिळाला नाही. म्हणून मालिशीनंतर मिळालेल्या आरामाच्या काळात व्यायाम सुरू करावा, असे मी रुग्णांना सांगते. नुसते पडून राहिल्यास पुढच्या आठवड्यात तेच गाऱ्हाणे घेऊन यावे लागते.

ताप, त्वचेचा संसर्ग किंवा ताजे अस्थिभंग असताना मालीश टाळावी. एकाच पोटरीला अचानक सूज येऊन ती दुखू लागली असेल, तर ती चोळण्याआधी डॉक्टरांना दाखवावी, कारण शिरेत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात अडकण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि हाडे ठिसूळ झालेल्यांनी खोल दाब घेऊ नये. आणि तान्ह्या बाळाला रोज तेल लावणाऱ्या बाईंना घरच्यांनी आदरपूर्वक सांगावे की हात हलका ठेवा, सांधे ओढू नका आणि नाकात तेल सोडू नका, कारण ते श्वासावाटे फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.