वापरलेली बॉक्स्टर निवडताना

ब्रिटनमध्ये २००५ ते २००८ या काळातील पोर्शे बॉक्स्टर, म्हणजे कापडी छत उघडणारी दोन आसनी स्पोर्ट्स कार, आज साधारण सात ते दहा हजार पौंडांत मिळते. एवढ्याच पैशांत इथे एखादी जुनी, निमूटपणे चालणारी कौटुंबिक गाडी येते, त्यामुळे जाहिराती पाहणाऱ्याचा जीव बॉक्स्टरमध्ये अडकला तर नवल नाही. गाडीचा भाव उतरला असला तरी सुट्या भागांचे आणि मजुरीचे दर मात्र पोर्शेचेच राहतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा मामला असल्याने मी आधी मसाल्याचा हिशोब मांडला आणि मगच गाड्या पाहायला निघालो.

या गाडीची चर्चा निघाली की सर्वांत आधी नाव निघते ते इंजिनातील मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचे. क्रँकशाफ्टची गती साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टपर्यंत नेणारा हा शाफ्ट एका टोकाला सीलबंद बेअरिंगवर फिरतो. कालांतराने सील निकामी होऊन आतले ग्रीस धुऊन जाते, बेअरिंग झिजते आणि ते फुटले तर व्हॉल्व्ह व पिस्टन यांची वेळ चुकून संपूर्ण इंजिन जाते. १९९६ साली आलेल्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये दुहेरी रांगेचे, म्हणजे गोळ्यांच्या दोन रांगा असलेले, बेअरिंग होते, २०००च्या सुमारास एकेरी रांगेचे आले आणि खरे दुखणे तिथून सुरू झाले. अमेरिकेत २००१ ते २००५च्या मॉडेलांबद्दल सामूहिक दावा झाला व २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. एकेरी बेअरिंग बिघडण्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि दुहेरीचे सुमारे १ टक्का, असे आकडे त्या प्रकरणात पुढे आले. २००५-०६च्या दरम्यान कंपनीने मोठे बेअरिंग बसवले. ते क्वचितच जाते, पण इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय बदलताही येत नाही. २००९च्या मॉडेलपासून हा शाफ्टच नाहीसा झाला, आणि त्या गाड्यांचे भाव लगेच काही हजारांनी चढलेले दिसतात.

माझ्या मते बेअरिंगची भीती वाजवीपेक्षा जास्त आहे आणि सिलिंडरच्या ओरखड्यांची कमी. २००७च्या मॉडेलपासून ‘एस’ प्रकारात आलेले ३.४ लिटरचे, २९५ अश्वशक्तीचे इंजिन चालवायला विलक्षण आहे, पण त्याच्या सिलिंडरच्या भिंती घासल्या जाण्याची तक्रार २.७ लिटरच्या इंजिनापेक्षा कितीतरी अधिक ऐकू येते. गरम इंजिनातून येणारी टिकटिक, वाढलेला तेलाचा खप आणि एक्झॉस्टवरची तेलकट काजळी ही त्याची लक्षणे असली, तरी खात्री करायची तर स्पार्क प्लगच्या छिद्रातून किंवा खालून तेलाची टाकी उतरवून छोटा कॅमेरा आत घालावा लागतो. ही तपासणी करू न देणाऱ्या विक्रेत्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही. इंजिन नव्याने बांधायला गाडीच्या किमतीइतका, प्रसंगी त्याहूनही अधिक खर्च येतो. म्हणून ‘एस’चा मोह मी सोडला.

इथे एक सोय फार मोलाची आहे. दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, म्हणजे एमओटीचा, जुना तपशील गाडीच्या क्रमांकावरून सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. प्रत्येक वर्षीचे मैल, नापास होण्याची कारणे आणि ‘लक्ष ठेवा’ म्हणून दिलेल्या सूचना तिथे ओळीने वाचायला मिळतात. ‘ब्रेकचे पाइप गंजलेले’ ही सूचना लागोपाठ तीन वर्षे दिसली आणि दुरुस्तीचे बिल कुठेच नसले, तर मालक रंगाला पॉलिश मारतो पण खाली वाकून पाहत नाही, एवढे कळते. हे पाइप मागच्या बाजूला अडचणीच्या जागी असल्यामुळे बदलण्याची मजुरी भागाच्या किमतीच्या अनेक पट होते.

गाडी प्रत्यक्ष पाहताना मी सोबत टॉर्च नेत असे. पुढच्या बंपरच्या दोन्ही जाळ्यांतून आत उजेड टाकला की कुजलेल्या पानांचा ओला थर दिसतो, आणि त्याच्यामागे एसीचे कंडेन्सर व रेडिएटर गंजत बसलेले असतात. चकचकीत, कमी चाललेल्या गाड्यांतही हा थर सापडतो, कारण उभी राहणारी गाडी कोणी उघडून साफ करत नाही. एकूणच वर्षाकाठी हजारभर मैल चाललेल्या गाडीपेक्षा नियमित वापरलेली आणि वेळच्या वेळी तेल बदललेली गाडी मला अधिक विश्वासाची वाटते, मग मैल दुप्पट का असेनात.

रस्ता कराची एक गंमतही हिशोबात धरावी लागते. दर किलोमीटरला २२५ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाडीची नोंदणी २३ मार्च २००६च्या आधीची असेल तर कर एका पायरीवर थांबतो. त्या दिवशी किंवा नंतर नोंदलेल्या तशाच गाडीला वर्षाला सुमारे तीनशे पौंड जास्त मोजावे लागतात.

अखेर निवडली ती २००५च्या अखेरीस नोंदलेली २.७ लिटरची, हाताने गिअर बदलण्याची गाडी. एवढ्या सीमेवरच्या गाडीत कोणते बेअरिंग आहे हे नुसत्या तारखेवरून ठरत नाही. पण क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवलेला असताना मेकॅनिकने काढलेला फोटो फाइलमध्ये होता आणि त्यात मोठ्या बेअरिंगचा २२ मिलिमीटरचा नट स्पष्ट दिसत होता. गाडीच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश रक्कम मी पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवली आहे. तिच्यातून ब्रेकचे पाइप आणि कंडेन्सर आधी होतील. छताचे कापड विटले आहे, पण गळत नाही, तेव्हा ते तूर्त तसेच राहील.