कुंपणातलं भोक आणि वेळासची वाळू

मार्च-एप्रिलमध्ये इंग्लंडच्या परसांत हेजहॉग, म्हणजे अंगावर काटे असलेले छोटे प्राणी, हिवाळी झोपेतून उठतात. हे साळिंदर नव्हे. ओंजळीत मावेल एवढा हा जीव 2020 साली ब्रिटनच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या ‘लाल यादी’त ‘असुरक्षित’ ठरला. त्याला एक बाग पुरत नाही, म्हणून शेजाऱ्याला विचारून कुंपणाच्या तळाशी 13 सेंमी लांब-रुंद भोक पाडावं. पसरट थाळीत पाणी ठेवावं. दूध मुळीच नको, जुलाब लागतात. मांजराचं मांसाचं खाणं चालतं. वाढलेलं गवत कापण्याआधी हाताने चाचपून बघावं.

त्याच दिवसांत कोकणातून बातमी येते: वेळासला कासवाची पिल्लं निघाली! ही बातमी वाचली की दिवस सोन्याचा होतो. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी दीडेक फूट खोल खड्ड्यात शंभरेक अंडी घालते, पिल्लं साधारण 50 दिवसांनी येतात. ही अंडी जपण्यासाठी किनाऱ्यावरच्या कुंपणाच्या आत नेऊन पुरतात; हलवताना ती उलटीसुलटी झाली तर आतला गर्भ मरतो. नवा खड्डाही तेवढाच खोल हवा. वाळू तापली की माद्या जास्त निपजतात, फारच तापली तर अंडी वाया जातात. बघायला जाणाऱ्यांनी मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवावा, उजेडामुळे पिल्लांची दिशा चुकते. आणि त्यांना उचलून पाण्यात सोडू नये. वाळूवरून आपल्या पायांनी जाऊ द्यावं.