४८ मिनिटांचा तास

धारूर, ४ सप्टेंबर २०२०

सकाळी बी.कॉम. द्वितीय वर्षाचा तास झाला. हजेरीपटावर साठच्या वर नावं आणि गूगल मीटवर जोडलेल्यांचे आठ-नऊ गोळे, त्यातले दोन माझेच: एक लॅपटॉपचा, एक मोबाइलचा. "सर, आवाज तुटायलाय." "सर, फोन दादाचा हाय, त्याला फवारणीला जायचंय." घाटाखालच्या वाड्यांतली पोरं रेंजसाठी टेकाडावर येऊन बसतात, आणि सध्या पाऊस रोजचाच.

२२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून लॉकडाऊन. तोवर आमच्या कॉलेजात 'ऑनलाइन' म्हणजे शिष्यवृत्तीचा फॉर्म. मग ऑफिसातून निरोप आला, अभ्यासक्रम पूर्ण करा. कशावर, कसा, ते ज्याचं त्यानं बघायचं. आधी झूम घेतलं. आपला तास ४८ मिनिटांचा आणि झूम फुकटात ४० मिनिटांनी सगळ्यांना बाहेर काढतं. ताळेबंद जुळायच्या बेतात असायचा आणि पडदा काळा. पुढं मीटवर आलो.

अकाउंट्स नुसतं बोलून शिकवता येत नाही, रकाने दिसावे लागतात. शेवटी बायकोनं तोडगा काढला. स्वयंपाकघरातल्या मांडणीचा मधला कप्पा रिकामा केला, त्याच्या गजांवर मोबाइल पालथा ठेवला आणि कॅमेरा बरोबर दोन गजांच्या फटीत आणला. खालच्या कप्प्यात वही, मी मांडी घालून जमिनीवर. हात आत घालून लिहायचं. डोकं वर केलं की गज लागतो. पण फळ्यापेक्षा अक्षर चांगलं दिसतं, असं पोरं म्हणतात. मांडणीशेजारच्या कुकरची शिट्टी मात्र दोन-तीन रेकॉर्डिंगांत कायमची बसली आहे.

खरं काम केलं ते व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजनं. मीटला सलग रेंज लागते. रोजचा दीड जीबीचा पॅक घरातल्या तिघा-चौघांत वाटलेला असतो, त्यात व्हिडिओ कुठला पुरणार? तीन-चार मिनिटांचा आवाज आणि वहीच्या पानाचा फोटो मात्र रेंज येईल तेव्हा, रात्री अकराला का होईना, उतरतो. परत परत ऐकताही येतो. वर्गात कुणी "सर, पुन्हा सांगा" म्हणत नाही. इथं विचारावंच लागत नाही.

घाटाखालच्या एका गावातली मुलगी एकदाही मीटवर आलेली नाही. आईबाप ऊसतोडीला जातात. एप्रिलमध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर अडकले होते, १७ एप्रिलला सरकारनं परवानगी दिल्यावर गावी परतले. घरात बटणाचा फोन. काल रात्री तिनं चुलतभावाच्या फोनवरून सोडवलेल्या गणिताचे फोटो पाठवले. पानावर हळदीचा डाग, कडेला पेन्सिलीनं बेरजा. कंपनीचा ताळेबंद दोन्हीकडून जुळलेला. घसारा नफातोटा पत्रकात दाखवून यंत्रसामग्रीतून वजाही केलेला. नेमकं तेच मीटवरच्या बहुतेकांचं राहिलं होतं. हजेरीपटावर तिच्या नावापुढं रोज 'गैरहजर'.

वर अहवाल जातो तो स्क्रीनशॉटचा. किती गोळे दिसले, तेवढी हजेरी. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीतही हेच लागणार. ऑफिसात विचारलं, व्हॉइस मेसेजला तास धरणार का? उत्तर मिळालं, "तसा रकाना नाही." आम्ही तासिका तत्त्वावरचे, जेवढे तास तेवढं मानधन. रकाना नाही म्हणजे मानधन नाही. कायम प्राध्यापकांना हा प्रश्न पडत नाही, त्यांचा पगार स्क्रीनशॉटवर अवलंबून नाही.

२८ ऑगस्टच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अंतिम वर्षाची परीक्षा होणार, हे पक्कं झालं. तृतीय वर्षाची पोरं दिवसभर विचारतात, "सर, कुठून द्यायची?" मलाही माहीत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला ऊसतोडीच्या टोळ्या पुन्हा हलतील, तेव्हा काहींच्या घराला कुलूप असेल. कोण फडावर असणार आणि तिथं कुणाचा फोन चालतो, याची यादी आज करायला घेतली. टोळीच्या मुकादमांकडं स्मार्टफोन असतात. दोघांचे नंबर मिळाले.

उद्या शिक्षक दिन. अकराला मीटवर कार्यक्रम आहे, प्रत्येकानं विद्यार्थी 'जोडून आणायचे' आहेत. मी ग्रुपवर लिंक टाकली आणि तिच्याखाली पुढचं गणित. रात्रीपर्यंत गणितावर तीन शंका आल्या. लिंकवर नुसते अंगठे.