पखवाजी गेल्यावर

भजन मंडळातला बुवा, म्हणजे मुख्य गाणारा, गेला तर सगळा गाव हळहळतो. पेटीवाला गेला तर शेजारच्या वाडीतून दुसरा मिळतो. पखवाजी गेला की मात्र मंडळाची रात्रीची बैठकच बंद पडते, आणि पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. बॅनरवर फोटो बुवाचा, सुपारी बुवाच्या नावावर, डबलबारीत, म्हणजे दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्यात, समोरच्याला टोले देतो तोही बुवाच. पखवाजी बाजूला मान खाली घालून बसलेला. पण सिंधुदुर्गातल्या कुठल्याही मंडळाची वही उघडून पाहा. रूपाचे अभंग, गवळणी, गजर, सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलेलं, कुठे कोपऱ्यात पट्टीही लिहिलेली. ठेका मात्र एका पानावर सापडायचा नाही. कुठल्या कडव्याला हात थांबवायचा, कुठे बुवाचा श्वास पुरत नाही म्हणून एक आवर्तन भरून काढायचं, गजर कुठून उचलायचा, हे सारं एकाच माणसाजवळ असतं. त्याला कोणी विचारलेलं नसतं आणि त्यानेही कधी सांगितलेलं नसतं.

पहिली अडचण मात्र ठेक्याची नसते, सुतकाची असते. वाडीचं मंडळ म्हणजे बहुधा एकच भावकी. गडी गेला की दहा दिवस झील धरणारे (बुवामागून ओळ उचलून गाणारे), झांजवाला, कधी कधी बुवासुद्धा एकदमच बाद. भाद्रपदाच्या तोंडावर असं झालं की पंचाईत विचारू नका. चतुर्थीपासून रोज रात्री घरोघरी फिरायचं असतं, आणि एका घरी भजन झालं, दुसऱ्या घरी झालं नाही, हे कोकणात वर्षभर लक्षात ठेवलं जातं. म्हणून मंडळ बांधतानाच एक झांजवाला आणि पखवाज धरू शकणारा एक तरी माणूस दुसऱ्या आडनावाचा असावा. कुठल्याही मंडळाच्या ठरावात हे लिहिलेलं नसतं, पण जी मंडळं दोन-तीन पिढ्या टिकली त्यांत तसा माणूस असतोच.

मग प्रश्न येतो, पखवाज कुणाचा? वर्गणीतून घेतलेला असला तरी तो राहायचा त्याच्याच घरी, कारण सांभाळ तोच करायचा. बारावं-तेरावं होईपर्यंत त्या घरात जाऊन वाद्य मागायला कुणाची जीभ रेटत नाही. तेवढ्यात वाद्य खराब होऊ शकतं, ही गोष्ट त्या गडबडीत सुचत नाही. शेवटच्या बैठकीनंतर धुमेला, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या डाव्या तोंडाला, लावलेली कणीक नीट खरवडली गेली नसेल तर ती वाळते, तडकते आणि निघताना चामड्याचा पापुद्रा घेऊन येते. पिठाच्या वासाने उंदीर येतात, ते कणकेवर थांबत नाहीत. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला पखवाज तर आठवड्यात बुरशी धरतो. तेव्हा घरच्यांची मनःस्थिती सांभाळून कुणीतरी एवढंच करावं: धूम ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी, दोन्ही तोंडांवर सुती कापड बांधावं, आणि आता काही दिवस कुणी वाजवणार नाही म्हणून गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) थोडे सैल करावेत. ताणून ठेवलेली पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, दमट हवेत गप्प बसते आणि पुढे कोरडा वारा सुटला की आकसून किनारीला फाटते. खुंटीला टांगून ठेवणं तर नकोच. हार घातलेल्या फोटोशेजारी टांगलेला पखवाज दिसायला बरा दिसतो, पण दोन पावसाळ्यांत तो फक्त शोभेचा उरतो.

नवा माणूस म्हणून पहिली नजर जाते ती दशावताराच्या नाटक कंपनीकडे. तिथेही पेटी, पखवाज आणि झांज हीच सामग्री, हात तयार, रात्रभर वाजवायची सवय. जत्रांचा मोसम संपला की तो मोकळाही असतो. पण पहिल्या बैठकीतच फरक कळतो. दशावतारातला पखवाजी नटाच्या पायांकडे बघून वाजवतो. राजाचा प्रवेश, राक्षसाची उडी, तलवारीचा खेळ, जिथे पाय पडेल तिथे थाप पडली पाहिजे. भजनात पाय नाहीत, मांड्या घालून बसलेली माणसं आहेत, आणि बघायचं आहे बुवाच्या गळ्याकडे. दशावतारवाला ओळीओळीला तोडा टाकतो. ऐकायला झकास, पण झील उचलणाऱ्यांना सम (तालाची पहिली मात्रा) सापडत नाही आणि दुसरी ओळ विस्कळीत येते. त्याला वाईट वादक म्हणू नये. त्याला आठ मात्रांचा साधा ठेका धरून चार अभंग नुसता वाजवत बसायला सांगावं. ही शिक्षा वाटते, पण यातूनच तो मंडळाचा होतो.

गजरात खरी परीक्षा असते. सुरुवात ठायीत, म्हणजे संथ लयीत, मग लय चढत जायची, शेवटी दुगुणीत, दुप्पट लयीत, सगळे टाळ एकत्र, आणि तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन थांबायचं. लय चढवतो कोण? सगळ्यांना वाटतं बुवा. प्रत्यक्षात झांजवाला ढकलत असतो, तरणी पोरं टाळ हाणत असतात, आणि पखवाजी मागून लगाम ओढून धरतो. तो लगाम सुटला की गजर निम्म्यातच वरच्या लयीला जाऊन पोचतो. पुढे चढायला जागा नसते, झील धापा टाकते, बुवाचे शब्द अर्धे गिळले जातात. मग कोणीतरी ओरडतं, "अरे, दमान!" तोवर उशीर झालेला असतो. याला उपाय आहे, पण तो झांजवाल्याला आवडत नाही: सरावात पहिले काही दिवस झांज बंद, फक्त टाळ आणि पखवाज. लय कुठे चढवायची त्या जागा ठरवून घ्यायच्या, एकदा नामाच्या दुसऱ्या फेरीला, एकदा झील वरच्या स्वरात गेल्यावर, आणि मधे कुठेही नाही. झांज नंतर आली तरी ती मग पखवाजामागून येते.

गेलेल्याचा ठेका मिळवायचा कुठून? मोबाइलमध्ये ढीगभर रेकॉर्डिंग असतात, पण बहुतेक कुचकामी. फोन ठेवलेला असतो पेटीवर, त्यामुळे भाता आणि पेटीच ऐकू येते. नाहीतर स्पीकरच्या तोंडाशी, मग धुमेचा आवाज फाटलेला आणि शाईचे (काळा लेप असलेल्या उजव्या तोंडाचे) बोल त्यात बुडालेले. पुढच्यासाठी लक्षात ठेवावं: फोन पखवाजाच्या शाईच्या बाजूला, सहा-सात फुटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, आणि तोंड स्पीकरकडे नाही. त्यातून एकेक अभंग काढून वहीत पट्टीखाली तीन गोष्टी लिहाव्यात: ठेका कुठला (धुमाळी, केरवा की दादरा), हात कुठल्या शब्दावर थांबतो, तिहाई कुठल्या अक्षरापासून सुरू होते. बोल लिहीत बसू नये. वाजवणारा आपले बोल आपण घालतो.

पण रेकॉर्डिंगपेक्षा पक्की वही दुसरीकडे असते. डबलबारीत समोर बसणाऱ्या मंडळाचा पखवाजी, ज्याने याच्याशी वर्षानुवर्षं टक्कर घेतली, त्याला याची प्रत्येक खोड पाठ असते. आपल्या मंडळात कुणी पखवाज ऐकत नसतं, सगळे गात असतात. समोरचा पखवाजी मात्र स्वतःची पाळी येईपर्यंत दुसरं काही करत नसतो. बाराव्या-तेराव्याला भजन ठेवलं की वाजवायला त्यालाच बोलवावं. तो येतोच. कुठे काय वाजायचं, कुठे काय मुद्दाम गाळलं जायचं, हे तोच सांगतो, आणि बारीत जे कधी बोलला नाही तेही बोलतो.

आता पुडीचं. पखवाजाची शाईपुडी बुवाच्या षड्जाला लावलेली असते, आणि पखवाजी-बुवाची जोडी जुनी असेल तर पुडी त्याच एका सुरावर मुरलेली असते. पेटीच्या काळी एकवर मुरलेली पुडी नवा बुवा पांढरी चारला गातो म्हणून तिथवर खेचू नये. गजऱ्यावर (पुडीच्या गुंफलेल्या कडेवर) हातोडीने ठोकून अर्धा-एक सूर हलतो, गट्टे पोटाकडे सरकवून आणखी थोडा, पण त्यापुढे पुडी ठणठणीत, कोरडी वाजते आणि एखाद्या घराशी (वादी ओवतात त्या जागेशी) फाटते. एवढा फरक असेल तर लहान तोंडाचा दुसरा पखवाज घ्यावा. सूर मिळवतानाही हातोडी गोल फिरवत जाऊ नये. समोरासमोरची घरं जोडीने मिळवावीत, नाहीतर एक बाजू चढते, दुसरी उतरते आणि "ता" दोन सुरांत वाजतो.

सूर उतरला म्हणून नव्या वादकाला दोष देणारे पुष्कळ भेटतात. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात चामडं ओल पिणारच. भाद्रपदात बाहेरून आणलेला पखवाज घरात ठेवला की अर्ध्या तासात सूर हलतो. लोक समईशी नाहीतर चुलीशी नेऊन धरतात. त्याने शाईला भेगा पडतात, पुढे तिचे कण सुटतात आणि पुडी झणझणते. तापणारा पिवळा बल्ब हातभर अंतरावर लावून वाद्य फिरवत राहावं, एवढंच पुरतं. धुमेची कणीकही त्या हवेप्रमाणे: मूठभर गव्हाचं पीठ, पोळीच्या कणकेपेक्षा सैल, मधोमध पसरून कडेला पातळ. जास्त लावली की सूर खाली जातो आणि घुमारा दबतो, कमी लावली की धूम नुसती ढबढबते. लांबलेल्या बैठकीत कणीक वाळते, म्हणून शेजारी पाण्याची वाटी हवी. गेलेल्याची वाटी कुठली होती हेही कुणाला तरी आठवतं आणि तीच हुडकली जाते. वाटी कुठलीही चालते.

पुडी बदलायची की नाही यावर मंडळात दोन तट पडतात. जुन्या पुडीवर त्याच्या हाताची जागा दिसते. शाईच्या एका बाजूला चकाकी, किनारीला खळगा. नव्याचा हात लहान असेल तर त्याची बोटं त्या जागेवर पडतच नाहीत, आणि झिजलेल्या भागातून आवाज दबका येतो. भावना म्हणून जुनी ठेवायची असेल तर उतरवून ठेवावी, पखवाजावर नको. आणि नवी चढवायची ती चतुर्थीच्या आठवड्यात तर मुळीच नाही. नवं चामडं पहिल्या काही बैठकांत ताणतं, दर अभंगाला सूर उतरतो, बुवा चिडतो, पखवाजी हातोडी शोधतो. पंढरपूर-आळंदीकडून किंवा मुंबईहून पुडी मागवायची ती वैशाखात. हवा पावसाळ्याच्या मानाने कोरडी असते, रोज तासभर वाजवून भाद्रपदापर्यंत पुडी बसते. शिवाय चाकरमानी आंब्यांना आलेले असतात, त्यामुळे वर्गणीही तेव्हाच निघते.