आईच्या नावाने

आईचं चालणं राहून गेलं होतं. सावंतवाडीला मावशीकडची मंडळी दरवर्षी जुन्या गोव्याला चालत जातात, संत फ्रान्सिस झेवियर म्हणजे 'गोंयच्या सायबा'च्या नोव्हेनाला, सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला. आईलाही जायचं होतं. आधी संसार, मग गुडघे. शेवटी मी म्हटलं, तुझ्या वाटचं मी चालतो. तिने जपमाळ माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "देवळाच्या दाराशी काळा दगड आहे, तो आपल्या वसईचा. त्याला माझ्या नावाने हात लाव." आम्ही वसईचे ख्रिस्ती, चर्चला घरात देऊळच म्हणतो.

30 नोव्हेंबरला पहाटे निघालो. साठ-पासष्ट किलोमीटरची वाट. पुढे झेंडूच्या माळेचा क्रूस, मागे एका रांगेत आम्ही वीसेक जण. मी माळेवरची मारियेची प्रार्थना मराठीत, 'नमो मारिया' म्हणायचो, मावशीकडचे कोंकणीत 'नमान मोरिये'. दोन्ही एकमेकांत मिसळत होतं आणि पावलांना ताल मिळत होता. बांद्याच्या पुढे ऊन चढलं, डांबराची धग चपलेतून वर यायला लागली. पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. 15 ऑगस्ट 1955ला गोवामुक्तीसाठी निःशस्त्र चालत आलेल्या सत्याग्रहींवर इथे पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या. मावशीने माळेचं एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, त्यांच्यासाठी म्हटलं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. मला ती त्या क्षणी फार मोठी वाटली.

पहिली रात्र एका कपेलाच्या, म्हणजे छोट्या देवळाच्या ओसरीवर काढली. माझ्या टाचेला फोड आला होता. मावशीने खोबरेल लावलं, जुन्या सुती लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळली आणि गाठ टाचेवर न येता घोट्याच्या बाहेरच्या अंगाला घेतली. "गाठ टोचली की माणूस परततो," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी कोलवाळचा पूल, म्हापसा आणि ट्रकांची धूळ. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी अंधारातच मांडवी ओलांडली आणि रायबंदरच्या कॉजवेवर आलो. 1630च्या दशकात बांधलेला हा सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता. एका बाजूला नदी, दुसरीकडे तिवरं आणि मिठागरं. खाऱ्या चिखलाचा वास आला आणि थेट वसईची खाडी आठवली. पाय जड झाले होते. मावशी मागे वळून म्हणाली, "चल रे, सायब वाट बघता."

सायबाचं हे देऊळ, बॉम जीझसचं, 1594 साली बांधायला सुरू झालं आणि 1605 साली पुरं झालं. दर्शनी भिंत उघड्या जांभ्याची. तिच्यावरचा चुन्याचा गिलावा 1950च्या दशकात काढून टाकला. तेव्हापासून दर पावसाळा जांभ्याला खातो आहे. जवळ गेलं की चिरे पोळ्यासारखे भोकाभोकांचे दिसतात. गिलावा पुन्हा करावा असं म्हणणारे लोक आहेत, मी त्यांच्यातला आहे. तो जांभा बघवत नाही.

दाराच्या दोन्ही अंगांचे खांब मात्र काळ्या पाषाणाचे आहेत. त्या काळी वसईहून समुद्रमार्गे आलेला दगड. आमच्या किल्ल्यातल्या पडक्या देवळांच्या कमानींना हाच आहे. कडा अजून धारदार आहेत. मी तळहात टेकवला. तीन दिवस डांबर, धूळ आणि घाम, आणि हा दगड पहाटेचा गारवा धरून उभा. मागून रांग ढकलत होती तरी हात काढवेना.

आत गर्दीतून पुढे सरकलो. संताचा देह ठेवलेली चांदीची पेटी उंच संगमरवरी चौथऱ्यावर आहे. चौथरा फ्लॉरेन्सहून आलेला, 1698 साली उभारलेला. पेटी गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली. फ्रान्सिस झेवियर 3 डिसेंबर 1552ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. त्याआधी आमच्या वसईलाही येऊन गेले होते. मी काही मागितलं नाही. नुसतं वर बघत राहिलो.

बाहेर पडताना शेजारच्या येशूसंघीयांच्या मठाच्या चौकात आलो. मधे हिरवळ आणि झाडं, भोवती कमानींची ओवरी, भिंती इतक्या जाड की मंडपातली मिस्सेची प्रार्थना लांबून आल्यासारखी ऐकू येत होती. माळी झारीने पाणी घालत होता आणि ओल्या मातीचा वास सुटला होता. मावशी ओवरीच्या कडेला बसली, चपला काढल्या आणि पाय त्या ओल्या मातीवर टेकवले. डोळे मिटले. मी पट्टी सोडली आणि तिच्या शेजारी बसलो.

मग आईला फोन लावला.

"लावलास हात?"

"लावला."

"गार होता?"

"गार होता, आई."

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग पलीकडून हळू आवाजात 'नमो मारिया' सुरू झालं. माळ माझ्याकडे, म्हणजे ती बोटांवर मोजत असणार. मी फोन दोघांच्या मधे ओवरीवर ठेवला, आणि मावशीने डोळे न उघडता कोंकणीत पुढचं म्हटलं.