८१व्या वाढदिवसाची गाणी आणि एक चुकीची केबल

सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमासाठी गाण्यांची यादी बहुतेक वेळा मुलं देतात, आणि ती मुलांच्याच तरुणपणाची असते. सांगलीत आम्ही केलेल्या अशाच एका कार्यक्रमातही तसंच झालं. आजींचा जन्म १९४४चा आणि हातात आलेली यादी १९८०नंतरच्या हिंदी चित्रपटांची. गाणी मनात पक्की बसतात ती साधारण १५ ते २५ या वयात. आजींसाठी ती वर्षं १९५९ ते १९६९. वाढदिवस कुणाचाही असो, मी आधी ही वजाबाकी करतो आणि मग उत्सवमूर्तीच्या पिढीतल्या कुणाला तरी फोन लावतो. इथे आजींची धाकटी बहीण, म्हणजे मुलांची मावशी, भेटली.

“आवडती गाणी कोणती?” असं विचारलं की आयत्या वेळी कुणाला काही सुचत नाही. लग्नाआधी घर कुठे होतं, रेडिओ कुणाकडे होता, शाळेच्या गॅदरिंगला काय म्हटलं होतं, असं विचारावं. मावशी म्हणाल्या, “आमच्याकडे कुठला रेडिओ! शेजारच्या वकिलांकडे होता. बुधवारी रात्री आठला आम्ही दोघी त्यांच्या ओसरीवर.” बुधवारी आठला म्हणजे रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला. माहेर मिरजेचं, त्यामुळे मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या गाण्याच्या बैठकीही बोलण्यात आल्या. एक नाट्यपद, माणिक वर्मा आणि मालती पांडे यांनी गायलेली भावगीतं, गीतमालेच्या काळातली हिंदी गाणी, अशी नवी यादी तयार झाली. मुलांच्या यादीतली गाणी आम्ही काढून टाकली नाहीत. ती जेवणानंतर नातवंडांसाठी ठेवली.

किती गाणी घ्यायची, हा हिशोब सोपा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत, म्हणून त्या काळातलं बरंचसं सुगम गाणं तेवढंच असतं. त्यात ४० सेकंदांचं निवेदन धरलं की गाण्याला चार मिनिटं. पाऊण तासात ११ गाणी. बाराव्याचा मोह धरला की जेवणाची पंगत खोळंबते आणि मधुमेही पाहुणे चुळबुळ करू लागतात.

पट्टीचा विचार आधीच केलेला बरा. आमची गायिका काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी षड्ज (सा) धरून गाणारी, गायक काळी एकमध्ये. काळी चार हा काळी एकचा पंचम, त्यामुळे काळी चारला लावलेला एकच तबला दोघांना चालतो. अडचण येते ती सगळ्यांनी मिळून म्हणायच्या गाण्याची. साठी-सत्तरीतल्या बायकांचा आवाज खाली उतरलेला असतो, पुरुषांना मूळ पट्टी झेपत नाही, आणि अंतऱ्यात सगळे गप्प होतात. ते गाणं आम्ही काळी दोनमध्ये घेतलं. काळी दोन षड्ज धरला की काळी चार त्याचा शुद्ध मध्यम होतो. चालीत मध्यम ठळक होता, म्हणून तबला पुन्हा लावावा लागला नाही. नाहीतर हातोडी घेऊन ठोकत बसण्यात कार्यक्रमाचा रंग जातो.

८१ दिव्यांच्या औक्षणाला सनईचं ध्वनिमुद्रण होतं. घरातल्या सगळ्या बायका ओवाळेपर्यंत वीस मिनिटं सहज जातात आणि सनईची एक फाइल बहुधा त्याआधीच संपते. तीच दोनदा जोडून, सांध्यावर आवाज हळूहळू उतरवून-चढवून अर्ध्या तासाची करून ठेवावी. ही आणि छायाचित्रांच्या चित्रफितीची गाणी पेन ड्राइव्हवर असावीत. इंटरनेटवरून वाजवायला गेलं की ओवाळताना मध्येच जाहिरात लागते.

आणि तरीही त्या सकाळी साडेनऊला, पाहुणे यायच्या अर्धा तास आधी, गाणी मुकी झाली. लॅपटॉपवरून नव्या गाण्यांचा वाद्यमेळ येत होता, पण गाणाऱ्याचा आवाज नव्हता. आजींच्या काळातल्या गाण्यांचं तर काहीच नाही, नुसती खरखर. कार्यालयाचा मुलगा म्हणाला, “काका, फाइल खराब आहेत.” पण हेडफोनवर तीच गाणी स्वच्छ वाजत होती.

दोष कार्यालयाच्या केबलचा होता. एका टोकाला लॅपटॉपची छोटी स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला तीन भागांची मोठी पिन, आणि ती मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड चॅनेलमध्ये खोचलेली. असा चॅनेल पिनच्या दोन भागांवरच्या सिग्नलची वजाबाकी करतो. मायक्रोफोनच्या बाबतीत त्यामुळे केबलमधली गुणगुण नाहीशी होते. स्टिरिओ गाणं आत गेलं की डाव्यातून उजवं वजा होतं. गायकाचा आवाज दोन्हींत सारखा असल्यामुळे तो शून्य होतो. जुनी ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे सगळं गाणंच दोन्हीकडे सारखं, म्हणून ते पूर्ण नाहीसं होतं. उपाय म्हणजे वाय केबल: एका टोकाला छोटी स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिना, आणि दोन चॅनेल. ती आमच्या सामानाच्या पेटीत कायम असते. दोन मिनिटांत गाणी परत आली. नंतर घूं असा आवाज राहिला, तो लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर थांबला.

आजींना दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. उत्सवमूर्तीला रंगमंचावर सजवलेल्या खुर्चीत बसवण्याची पद्धत आहे, पण तिथे माणूस स्पीकरच्या मागे पडतो. खर्जाचा आवाज सगळीकडे पसरतो, शब्द स्पष्ट करणारे वरचे स्वर मात्र समोरच जातात. त्यामुळे ज्यांच्यासाठी गाणं, त्यांनाच शब्द कळत नाहीत. औक्षण झाल्यावर आम्ही खुर्ची खाली, पहिल्या रांगेच्या मध्यावर, दोन्ही स्पीकरपासून बारा-बारा फुटांवर आणली. आधी थोरल्या मुलाला ते पटेना. मावशींनीच त्याला समजावलं. आवाज मोठा न करता तबला आणि खर्ज उतरवला. श्रवणयंत्राला नुसता मोठा आवाज चालत नाही, तो आत फाटतो. काळी दोनमधलं गाणं आलं तेव्हा आजी दुसऱ्या ओळीपासून म्हणू लागल्या, आणि मी गायिकेला माईक लांब धरायची खूण केली.

जेवताना फक्त वाद्यसंगीत, तेही शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल इतकंच.

घरच्यांना ध्वनिमुद्रण हवं होतं. मिक्सरमधून थेट घेतलेल्या मुद्रणात गायक आणि वाद्यं येतात, पण समोर बसून म्हणणारी माणसं त्यात नसतात, कारण त्यांच्यापुढे माईक नसतो. म्हणून दुसरा रेकॉर्डर तिसऱ्या रांगेशेजारी स्टँडवर, डोक्यांच्या वर लावला होता. दोन्ही मुद्रणं जुळवायला सुरुवातीला एक मोठी टाळी वाजवून घ्यावी. एकत्र करताना मिक्सरचं मुद्रण वर ठेवलं; काळी दोनच्या त्या गाण्यापुरतं मात्र खाली आणून सभागृहाचं वर घेतलं.